ज्या प्रोसेसशी संबंध नाही, तिच्यात ब्रेकपॉइंट कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जीडीबी या डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून दोष शोधण्याच्या साधनात, एकाच वेळी अनेक प्रोसेस (चालू असलेले प्रोग्रॅम) तपासताना एका थ्रेडपुरता (प्रोसेसमधील कामाच्या एका धाग्यापुरता) ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, फक्त त्या थ्रेडच्याच प्रोसेसमध्ये बसावा अशी दुरुस्ती झाली, तिचे मी समर्थन केले होते. त्यावर आपण इचलकरंजीहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: नको असलेला थ्रेड ब्रेकपॉइंटवर आला तरी डीबगर त्याला पुढे सोडतोच, त्यामुळे फार तर थोडा वेळ वाचला, तेवढे काम अट घालूनही होत होते, नव्या पद्धतीमुळे आपली चालती स्क्रिप्ट मात्र बिघडली, आणि व्हीफोर्कच्या (पालक प्रोसेसचीच मेमरी वापरणारी अपत्य प्रोसेस सुरू करण्याच्या सोयीच्या) बाबतीत माझा दावा टिकत नाही.

डीबगर थ्रेडला पुढे सोडतो हे खरे आहे, पण ते फुकटात होत नाही. एक्स८६ प्रोसेसरवर साधा ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी लिहिलेली ‘इंट ३’ ही एका बाइटची सूचना असते. ती प्रोसेसच्या मेमरीत लिहिली जाते आणि मेमरीला थ्रेड ओळखता येत नाहीत. जो थ्रेड तेथे पोहोचेल तो थांबणारच. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डीबगरला सिग्नल कळवतो, डीबगर थ्रेडचा क्रमांक ताडून पाहतो, आणि तो जुळला नाही तर मूळ बाइट परत ठेवून एकच सूचना चालवतो व ब्रेकपॉइंट पुन्हा बसवतो. एवढ्या अवधीत दुसरा एखादा थ्रेड तेथून निसटू नये म्हणून बाकीच्या थ्रेडनाही थांबवून ठेवावे लागते. (मूळ सूचनेची प्रत दुसरीकडे चालवण्याचीही सोय आहे, पण पहिला थांबा तिनेही चुकत नाही.) दुरुस्तीपूर्वी हा सगळा खटाटोप ज्या प्रोसेसमध्ये तो थ्रेड असूच शकत नाही, तिच्यातही होत असे, कारण फंक्शनचे नाव जेथे जेथे सापडेल तेथे ब्रेकपॉइंट बसत असे. आता तो फक्त त्या थ्रेडच्या प्रोग्रॅम स्पेसमध्येच (त्याच्या प्रोसेसचा कोड जेथे असतो त्या जागेतच) बसतो.

यात केवळ वेळेचा प्रश्न का नाही, हे शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीसाठी केलेल्या कामावरून सांगतो. तेथे एक प्रोसेस भट्टीच्या तापमानाच्या नोंदी साठवते, तर दुसरी मॉडबस आरटीयूच्या (कारखान्यातील यंत्रांनी तारेवरून संदेश देण्याच्या पद्धतीच्या) लाइनवरील संदेश नुसते ऐकते. सीआरसी (संदेश बिघडला नाही ना, हे ताडण्याचा आकडा) तपासणारे फंक्शन दोघींतही आहे. मॉडबस आरटीयूमध्ये एक संदेश संपला हे साडेतीन अक्षरांइतक्या शांततेवरून ओळखतात, म्हणजे लाइनचा वेग ९६०० बॉड असताना जेमतेम ४ मिलिसेकंद. मला हवा होता साठवणाऱ्या प्रोसेसमधील एकच थ्रेड. पण त्या फंक्शनवरचा ब्रेकपॉइंट दोघींतही बसल्याने प्रत्येक संदेशागणिक ऐकणारी प्रोसेस थांबू लागली, तेवढ्यात कर्नलच्या बफरमध्ये पुढचा संदेश येऊन पडू लागला, आणि प्रोग्रॅमला दोन संदेश एकच भासून सीआरसी चुकू लागला. जो दोष प्रोग्रॅममध्ये नव्हताच, तो डीबगरने निर्माण केला होता. याला मी वेगाचा प्रश्न म्हणणार नाही.

आता अटीविषयी. आपण सुचवलेली ‘इफ $_थ्रेड == २’ ही अट येथे सरळसरळ चुकीचे उत्तर देते. ७.११ या आवृत्तीपासून (२०१६) जीडीबी प्रत्येक प्रोसेसमधील थ्रेडना स्वतंत्र क्रमांक देतो आणि $_थ्रेड या व्हेरिएबलमध्ये तोच क्रमांक असतो. त्यामुळे १.२ आणि २.२ (पहिल्या प्रोसेसमधील दुसरा आणि दुसऱ्या प्रोसेसमधील दुसरा) हे दोन्ही थ्रेड आपल्या अटीत बसतात. कोल्हापुरात ‘पाचवी गल्ली’ एवढाच पत्ता सांगितला तर रिक्षावाला राजारामपुरीत नेईल की शाहूपुरीत, हे सांगता येत नाही, तसेच हे. $_जीथ्रेड (सर्व प्रोसेस मिळून दिलेला थ्रेडचा क्रमांक) वापरल्यास, किंवा $_इन्फिरिअरची (प्रोसेसच्या क्रमांकाची) अट जोडल्यास, गोंधळ मिटेल हे मान्य. परंतु अट तपासायची तरी आधी थांबावे लागतेच, म्हणजे वरचा प्रश्न जागच्या जागी राहतो.

स्क्रिप्टबाबतची आपली तक्रार मात्र रास्त आहे. आपली लायब्ररी हव्या त्या प्रोसेसमध्ये उशिरा लोड होते. पूर्वी ते फंक्शन दुसऱ्या प्रोसेसमध्ये सापडत असल्याने ब्रेकपॉइंट लगेच स्वीकारला जाई, आणि लायब्ररी आली की योग्य ठिकाणीही बसे. आता डीबगर तो प्रलंबित ठेवू का असे विचारतो, आणि स्क्रिप्टमध्ये उत्तर द्यायला टर्मिनल नसल्यामुळे स्वतःच ‘नाही’ असे गृहीत धरतो. साहजिकच ब्रेकपॉइंट तयारच होत नाही. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन’ ही ओळ घातली की काम होईल. तरीही जुनी वागणूक परत आणावी असे मला वाटत नाही. ती लायब्ररी कधी लोडच झाली नाही, तर जुना डीबगर दुसऱ्याच प्रोसेसमधील पत्ता दाखवून ब्रेकपॉइंट बसल्याचे सांगत असे, आणि आपण कधीही न येणाऱ्या थांब्याची वाट पाहत बसत असू.

व्हीफोर्कचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. एक्झेक होईपर्यंत (नवा प्रोग्रॅम सुरू करेपर्यंत) किंवा संपेपर्यंत अपत्य प्रोसेस पालकाचीच मेमरी वापरते, म्हणून दोघींना डीबगरखाली ठेवल्यास प्रोग्रॅम स्पेसही सामाइक असते आणि तेथे क्रमांक ताडून सोडून देण्याची जुनीच रीत चालते. माझा दावा स्वतंत्र मेमरी असलेल्या प्रोसेसपुरता होता, आणि आपल्या स्क्रिप्टमधील दोन्ही प्रोसेस त्याच प्रकारात मोडतात.