तिकीट नव्या तारखेला ग्राह्य

आज सकाळी ऑफिसात असताना संगीत नाटकाच्या तिकिटाबद्दल मेसेज आला. काही अपरिहार्य कारणास्तव रविवारचा प्रयोग पुढे ढकलण्यात येत आहे, आपले तिकीट नव्या तारखेला ग्राह्य राहील. नवी तारीख कुठली, तर पुढच्या महिन्यातला गुरुवार, दुपारी साडेचार. रविवारचं तिकीट काढणारा माणूस रविवारीच मोकळा असतो म्हणून रविवारचं काढतो. एवढी साधी गोष्ट तारीख ठरवणाऱ्या एकाच्याही डोक्यात येऊ नये?

माझ्या यादीतले तुम्ही बहुतेक सगळे नाटकवेडे आहात. संगीत नाटक टिकलं पाहिजे, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून सरळ बोलते.

गेल्या वर्षी माझी आत्या मिरजेहून पुण्याला आली होती, फक्त ‘सौभद्र’ बघायला. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. प्लॅन, म्हणजे खुर्च्यांच्या बुकिंगचा तक्ता, उघडला त्याच दिवशी मी तिच्यासाठी पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची घेतली. कडेची, कारण तिला पाय लांब करता यावा. आणि डाव्या अंगाची, कारण मग तिचा उजवा कान स्टेजकडे राहतो. प्रयोग शनिवारी रात्री होता. दुपारी आत्या इरकल नेसून, वेणी घालून तयार होऊन बसली आणि तेव्हा मेसेज आला. हेच शब्द. तिकीट नव्या तारखेला ग्राह्य. तिचं परतीचं रिझर्व्हेशन सोमवारचं, नवी तारीख पंधरा दिवसांनंतरची.

थिएटरवर फोन केला तर म्हणाले, ऑनलाइन काढलंय ना, मग आमच्याकडे काही नाही. ॲपच्या नंबरवर गाणं वाजत राहिलं. खूप खटपटीने निर्मात्याच्या माणसाचा नंबर मिळवला, तर तो म्हणाला, रिफंड ॲपवाले देतात. शेवटी पैसे आले ते आठवड्याने, आणि तेही सेवाशुल्क कापून. मला ते चाळीस-पन्नास रुपये नकोच आहेत. पण प्रयोग तुम्ही हलवलात, मग भुर्दंड माझ्या आत्याला का?

आता लगेच कुणीतरी खाली लिहील की संगीत नाटकात गळा बसला तर काय करायचं, तिथे बदली नट उभा करून भागत नाही. मान्य. गायक नटाचा गळा गेला तर प्रयोग होऊ नये, झाला तर तोच अन्याय. नाट्यगृहाची तारीख ऐनवेळी सरकारी नाहीतर राजकीय कार्यक्रमासाठी काढून घेतात, निर्माता तिथे हात चोळत बसतो, हेही मला माहीत आहे. मग तसं लिहा की! ‘गायकाचा गळा बसला आहे’ हे लिहिलं तर कोणता रसिक भांडायला येणार आहे? ‘आमची तारीख काढून घेतली’ असं लिहा, आम्ही तुमच्या बाजूने ओरडू. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा कोल्हापूरकर तिथे उभे राहून रडत होते, तिकिटाचे पैसे कुणाला आठवले असतील? आम्ही समजून घेणारी माणसं आहोत. आम्हाला सांगत नाहीत, याचा राग आहे.

आणि खरं कारण पुष्कळदा भलतंच असतं. बुकिंग झालेलं नसतं. प्लॅनवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या की प्रयोग हलतो. थिएटरचं भाडं, ऑर्गन-तबल्याची साथ, सेटचा टेम्पो, सगळ्यांच्या नाइट म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे, हे निम्म्या हाउसवर निघत नाही. त्यांचंही चुकीचं म्हणता येत नाही. पण याचा परिणाम काय होतो बघा. दोनदा असं झालं की माणूस आगाऊ तिकीट काढायचं बंद करतो. आमच्या ग्रुपवर आज हाच सल्ला मिळाला, की आधी काढूच नको, त्या दिवशी खिडकीवर जायचं. सगळ्यांनी असं केलं तर शुक्रवारपर्यंत प्लॅन रिकामाच दिसणार आणि रविवारचा प्रयोग पुन्हा हलणार. मग परिसंवादात बोलायला मोकळे, की प्रेक्षकांनी संगीत नाटकाकडे पाठ फिरवली.

माझ्या आत्याने पाठ फिरवली नव्हती. ती ‘कोयना’ एक्स्प्रेसमध्ये सहा तास बसून आली होती.

व्यावसायिक गद्य नाटकाचं एक वेळ चालून जातं. आज नाही तर पुढच्या शनिवारी पार्ल्याला, नाहीतर चिंचवडला, कुठेतरी प्रयोग असतोच. संगीत नाटकाचे प्रयोग लागतात किती? आणि त्यांना येतं कोण? पहिल्या दहा रांगा बघा, सगळी पांढरी डोकी. त्यांना मुलाच्या सवडीने यावं लागतं, रिक्षा ठरवावी लागते, औषधाच्या वेळा बदलाव्या लागतात. यांच्यासाठी नवी तारीख म्हणजे सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून. बरेचजण ती दुसऱ्यांदा करतच नाहीत.

१२ मार्च १९११ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. तरी ते रंगमंचावर उभे राहिले. लोक जमलेत, त्यांचा विरस नको, म्हणून. ही गोष्ट आत्यानेच मला लहानपणी सांगितली होती. असं आज कुणी करावं असं मी मुळीच म्हणणार नाही, कुणाच्याही घरी असा प्रसंग आला तर प्रयोग रद्दच झाला पाहिजे. पण समोर येऊन बसणाऱ्या माणसाचा विचार तेव्हा कुठपर्यंत होता आणि आज कुठे आला आहे, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

लिहिता लिहिता एक आठवलं. त्या शनिवारी निर्मात्याचा जो माणूस फोनवर भेटला, तो शेवटी थोडा विरघळला होता. म्हणाला, ताई, आमच्या पडद्यामागच्या पोरांचीही आजची नाइट बुडाली. प्रयोग झाला नाही तर त्यांना काही मिळत नाही. तेव्हा मी रागात होते, मी नीट उत्तरही दिलं नाही. आज त्या पोरांचं वाईट वाटतंय. त्यांना आणि आत्याला एकाच दिवशी, न विचारता, घरी बसवलं गेलं.

पण तरीही मी मागते ते काही फार नाही. तिकीट काढताना नंबर घेता ना आमचा? मग त्या नंबरवर माणसाने फोन करावा. दीड-दोनशे फोन, दोघं बसले तर दुपारभरात होतात. पैसे परत द्यायचे तर शुल्कासकट पूर्ण द्यावेत. आणि नव्या तारखेचा प्लॅन सगळ्यांना उघडण्याआधी, ज्यांनी आधी तिकीट काढलं होतं त्यांना त्यांची तीच खुर्ची विचारावी. ‘ग्राह्य’ म्हणायचं आणि मागच्या रांगेत मधोमध बसवायचं, असं आज माझ्या बाबतीत झालंय. मला चालेल, मी धडधाकट आहे. आत्याला चाललं नसतं. तिथे तिला पायही लांब करता आला नसता आणि ऐकूही आलं नसतं.

मी आज पैसे परत मागितले आहेत. शुल्कासकट मागितले आहेत, आणि मिळेपर्यंत रोज मेल करणार आहे. तुमचेही असे अडकले असतील तर सोडू नका.

आत्या दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. तिला अजून ‘सौभद्र’च बघायचं आहे. १८८२ साली पुण्यातच पहिल्यांदा रंगमंचावर आलेलं नाटक आहे, पुण्यातच बघेन म्हणते. डिसेंबरात कुणाचा प्रयोग लागत असेल तर मला सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या संस्थेत असाल तर तिकीट मी तुमच्याच हातून घेईन, डाव्या अंगाची, कडेची खुर्ची. तुमचा स्वतःचा नंबर मात्र द्या, जो तुम्ही उचलता.