ग्रिमबंधूंची ‘मूळ गोष्ट’ म्हणजे नक्की कितव्या आवृत्तीतली?

‘परीकथा मुळात भयानक होत्या, मुलांसाठी नंतर गोड केल्या’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पोस्टी सतत फिरत असतात. त्या वाचल्या की पहिला प्रश्न पडतो, कुठलं मूळ? याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांच्या हयातीत त्यांच्या ‘मुलांच्या आणि घरच्या कथा’ या लोककथासंग्रहाच्या सात मोठ्या आवृत्त्या निघाल्या : १८१२-१५, १८१९, १८३७, १८४०, १८४३, १८५० आणि १८५७. दर वेळी मजकूर बदलत गेला.

पहिल्या आवृत्तीच्या दोन खंडांत मिळून १५६ कथा. चित्रं नाहीत, उलट अभ्यासकांसाठी टिपा. नावात ‘मुलांच्या’ हा शब्द असला तरी पुस्तकाचा बाज लोककथा जपून ठेवण्याचा होता. मग मुलांच्या हाती देण्याजोगं नाही अशी टीका झाली आणि १८१९ पासून मुख्यतः विल्हेल्मने मजकुरावर हात फिरवायला सुरुवात केली. १८२५ साली निवडक ५० कथांची, धाकट्या भावाने काढलेल्या ७ चित्रांची छोटी आवृत्ती आली आणि घराघरांत पोचली ती ही.

आता बदल काय झाले ते बघा. बुरुजात कोंडलेली, राजपुत्राला चोरून भेटणारी रॅपन्झेल १८१२ मध्ये तिला कोंडणाऱ्या म्हाताऱ्या गोथेलला भाबडेपणाने विचारते, माझे कपडे इतके घट्ट का होत चाललेत? म्हणजे तिला दिवस गेलेत. पुढे हे वाक्य काढलं गेलं. त्याजागी ती म्हणते की वर ओढून घेताना तुम्ही राजपुत्रापेक्षा जड लागता. भाबडी मुलगी उगाच बावळट ठरली! आणि गंमत म्हणजे १८५७ च्या मजकुरातही पुढे रानात तिची जुळी मुलं आहेतच. कारण खोडलं, परिणाम तसाच राहिला. संपादनाची शिवण इतकी उघडी क्वचितच दिसते.

पण सगळं सौम्य झालं म्हणावं, तर तेही खरं नाही. हिमगौरीच्या वैरिणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं, ते १८५७ मध्येही कायम आहे. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात, ती शिक्षा तर १८१२ मध्ये नव्हतीच, १८१९ मध्ये घातली. कात्री लागली ती शरीरसंबंधाच्या उल्लेखांना. शिक्षा मात्र वाढल्या, आणि माझ्या मते या संग्रहाबद्दल सर्वांत आधी सांगायची गोष्ट हीच आहे.

हातातलं भाषांतर कुठल्या आवृत्तीवरून केलंय हे ताडायला दोन कथांतल्या आया पुरतात. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई सख्खी आई असेल तर मजकूर १८१२ चा. ती सावत्र, पण रानात सोडलेल्या हॅन्सेल-ग्रेटेल या भावंडांची आई सख्खी, तर १८१९ किंवा १८३७ चा. दोघीही सावत्र असतील तर १८४० किंवा त्यानंतरचा. ‘बूट घातलेलं मांजर’ फक्त पहिल्या आवृत्तीत सापडेल. फ्रेंच कथेशी फार जवळचं म्हणून ते पुढे वगळलं. आणि बेडूक झालेल्या राजपुत्राच्या कथेत राजकन्येने बेडकाचा मुका घेतला असेल तर तो ग्रिमचा मजकूरच नव्हे. सातही आवृत्त्यांत ती त्याला भिंतीवर आपटते.

म्हणून अनुवादकांना आणि प्रकाशकांना कळकळीची विनंती : मुखपृष्ठावर नुसतं ‘मूळ ग्रिमकथा’ छापू नका. आतल्या पानावर आवृत्तीचं साल द्या आणि कथेचा क्रमांकही द्या, कारण जर्मन पाठ काढून ताडून बघायचा तर शोध त्या क्रमांकावरूनच लागतो.