टायसन जेलमध्ये जगज्जेता झाला नाही, ताई

मंगळवारी रात्री ऐरोलीहून ताईचा मेसेज आला. मेसेज कसला, दहा ग्रुप फिरून आलेला फॉरवर्ड. "माईक टायसन तेराव्या वर्षी जेलमध्ये गेला. तिथेच बॉक्सिंग शिकला आणि जेलमध्ये असतानाच जगज्जेता झाला. एका मुलीने खोट्या केसमध्ये अडकवलं, तरी बाहेर येऊन पुन्हा जिंकला. मुलगा मारामारी करतो म्हणून रडू नका. सिंहाला पिंजराच घडवतो." त्याखाली ताईने स्वतः लिहिलं होतं, "वाचून धीर आला गं."

तिला धीर हवा होता, हे मला कळतं. सतरा वर्षांच्या माझ्या भाच्याने क्लासच्या बाहेर एका मुलाला मारलं. त्या मुलाच्या ओठाला चार टाके पडले, पोलीस ठाण्यात एनसी झाली, ताई-भावोजी दोन दिवस जेवले नाहीत. पण बुधवारी भाचाच मला फोनवर म्हणाला, "मावशी, टायसनचंपण असंच झालं होतं ना?" तिथे माझा संयम संपला. कॉलेजात असताना ठाण्यात चार वर्षं बॉक्सिंग केलंय मी, त्यामुळे हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

जेलमध्ये असताना जगज्जेता? टायसनच्या लढतींची यादी कुणालाही मोबाईलवर बघता येते. तो जगज्जेता झाला २२ नोव्हेंबर १९८६ ला, लास वेगासमध्ये, ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये पाडून. वय २० वर्षं ४ महिने. जेल झाली १९९२ मध्ये, आणि त्याच्या दोन वर्षं आधीच टोकियोत बस्टर डग्लसने त्याला हरवून जगज्जेतेपदाचे पट्टे काढून घेतले होते. त्याच यादीत २८ जून १९९१ ला रडॉकबरोबरची लढत आहे आणि पुढची ओळ थेट १९ ऑगस्ट १९९५ ची. मध्ये काही नाही. हेवीवेटच्या, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातल्या बॉक्सरच्या, ऐन भरातली चार वर्षं, पंचविशी ते एकोणतिशी, कोरी. पिंजऱ्याने काय घडवलं ते तिथे दिसतं.

आता ते "खोटी केस" प्रकरण. सगळ्यात जास्त राग मला या ओळीचा आला. इंडियानापोलिसमध्ये जुलै १९९१ मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. १० फेब्रुवारी १९९२ ला ज्युरीने टायसनला दोषी ठरवलं, सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली तीनेक वर्षं त्याने भोगली. १९९३ मध्ये अपील कोर्टाने शिक्षा कायम ठेवली. तीनातल्या एका न्यायाधीशाचं मत वेगळं होतं, तेही सांगते. टायसनने गुन्हा कायम नाकारला, तो त्याचा हक्क. पण कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाला "अडकवलं" म्हणायचा हक्क या फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुणी दिला? आणि हे वाक्य पुढे पाठवलं कुणी, तर माझ्या ताईने. रात्री साडेनऊनंतर ठाणे स्टेशनच्या पुलावरून एकटी येऊ नकोस म्हणून मला शंभरदा बजावणाऱ्या ताईने. पुढच्या वर्षी मुलगा कॉलेजात जाईल. मुली खोट्या केसेस करतात, एवढंच शिकून जायचं का त्याने?

बॉक्सिंग बंदिवासात शिकला, हे अर्धं खरं आहे. पण ती जेल नव्हती. न्यू यॉर्क राज्यातली ट्रायन नावाची मुलांची सुधारशाळा होती. (आपल्याकडेही अठराच्या आतल्या मुलाला तुरुंगात ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.) तिथे बॉबी स्टुअर्ट नावाचा समुपदेशक होता, स्वतः बॉक्सर. त्याची अट होती: आधी नीट वाग, अभ्यास कर, मग ग्लोव्हज. त्यानेच १९८० मध्ये टायसनला कॅट्सकिल गावात कस डी'अमाटो या बॉक्सिंग प्रशिक्षकाकडे नेलं. सत्तरी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्याने पोराला घरात ठेवून घेतलं आणि आई गेल्यावर त्याचं पालकत्व स्वीकारलं. फॉरवर्डमध्ये या दोघांचं नावही नाही!

खरोखर जेलमध्ये ग्लोव्हज घालून पुढे जगज्जेता झालेला हेवीवेट हवाच असेल, तर तो सनी लिस्टन. मिसुरीच्या तुरुंगातल्या पाद्र्याने त्याला रिंगमध्ये उतरवलं, हे मला मान्य करावंच लागेल. पण तो ३१ ऑक्टोबर १९५२ ला पॅरोलवर सुटला आणि पट्टा मिळाला २५ सप्टेंबर १९६२ ला. मधल्या दहा वर्षांत गुंडांच्या टोळीने त्याच्या कमाईवर हात मारला, पोलिसाला मारल्याबद्दल तो पुन्हा आत गेला. १९७१ च्या जानेवारीत लास वेगासच्या घरात बायकोला त्याचं प्रेत सापडलं. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

"पुन्हा जिंकला" म्हणाल तर हो, १९९६ मध्ये दोन पट्टे परत मिळवले. त्याच वर्षी होलिफिल्डकडून हरला, पुढच्या वर्षी लढतीत होलिफिल्डचाच कान चावला आणि बॉक्सिंगचं लायसन्स गेलं.

राहिला सिंह. माझी बस रोज ठाण्याच्या कारागृहाच्या भिंतीजवळून जाते. तिथे पिशव्या घेऊन भेटीची वाट बघत बसलेल्या आया दिसतात. ताई, त्यांना पाठवशील हा मेसेज?

भाच्याला मी शिकवीन. जॅब, गार्ड, पायांची हालचाल, सगळं. पण अट स्टुअर्टचीच. रविवारी सकाळी आधी त्या टाके पडलेल्या मुलाच्या घरी जायचं, मी सोबत येते. ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायचं बँडेज त्यानंतर बांधू.