अर्धं ॲव्हगॅस, अर्धं पंपावरचं पेट्रोल? अजिबात नको

भाचा विदर्भातल्या एका फ्लाइंग क्लबात सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचे) तास भरतोय. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे चालतं का? आमच्या ग्रुपवर सगळ्यांना पटलंय." मेसेजचा सारांश असा: ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं, शिसं घातलेलं इंधन) म्हणजे रंग घातलेलं महागडं पेट्रोल, पंपावरचं निम्मं मिसळलं की इथेनॉल २० टक्क्यांवरून १० वर येतं, मग काही धोका नाही, हलक्या विमानांची रोटॅक्स इंजिनं पेट्रोलवरच चालतात, अमेरिकेत १९८२पासून परवानगी आहे, सेस्ना या छोट्या विमानाच्या हँडबुकातच अल्कोहोल घालायची मुभा आहे, शिवाय शिसं कमी होतं. छोट्या विमानांच्या इंजिनांत हात काळे करण्यात माझी उमर गेली. वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

आधी रंगाचं. १०० एलएल या ॲव्हगॅसचा निळा रंग ओळखण्यापुरता असतो, खरंय. पण त्यातला १०० आणि पंपावरचा ९१ किंवा ९५ हे ऑक्टेनचे (इंधन इंजिनात अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेचे) आकडे एका मापाने मोजलेले नाहीत. पंपावरचा आकडा रिसर्च पद्धतीचा असतो. विमानाच्या इंधनाची चाचणी जास्त कडक, मोटर पद्धतीच्या जवळची. बीएस-६च्या साध्या ९१ पेट्रोलला मोटर पद्धतीने ८१च लागतात. काही पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, त्याचा आकडाही रिसर्च पद्धतीचाच.

आता निम्म्या-निम्म्याचं. खरा घात इथेच आहे.

इथेनॉल घातलं की पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याची ओढ, वाढतो, आणि ही वाढ सर्वांत जास्त असते ती साधारण ५ ते १० टक्के इथेनॉलला. म्हणजे २०चं १० करून तुम्ही नेमकं वाईट जागी येऊन थांबता. ॲव्हगॅसचा बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कलमध्ये बांधलेला असतो. पंपावरच्या साध्या पेट्रोललाच ६०पर्यंत मुभा आहे. मे महिन्यात, ४४ अंशांत, उतरून दहा मिनिटं उभं राहिलेलं विमान डोळ्यांपुढे आणा. काऊलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) वारा नाही, इंधनाचा पंप आणि नळ्या तापून लाल. स्टार्ट होतं, रनअपही (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) ठीक जातो. टेकऑफला फुल थ्रॉटल दिल्यावर नळीतून इंधनाऐवजी वाफ येऊ लागते आणि इंजिन २०० फुटांवर आचके देतं. तिथून वळून धावपट्टीवर परत येता येत नाही.

दुसरं पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. १० टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे जेमतेम चमचाभर पाणी मावतं, २० टक्क्यांत त्याहून जास्त. म्हणजे ई-२०मध्ये (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) आधीच मुरलेलं पाणी ॲव्हगॅस ओतल्यावर बाहेर पडू शकतं. त्यात वर चढताना दर हजार फुटांना साधारण २ अंशांनी हवा गार होते. गार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच निघते. वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घटलेलं असतं.

सकाळच्या सम्प ड्रेनचाही मग उपयोग राहत नाही. पंखाखालून पारदर्शक प्याल्यात इंधन काढून उजेडात धरलं की ॲव्हगॅसमधलं पाणी तळाशी वेगळं दिसतं. इथेनॉल असेल तर ते विरघळलेलं असतं. प्याला स्वच्छ दिसतो आणि पोरगा निर्धास्त वर जातो.

सील आणि रबराचीही वाट लागते. एका खासगी मायक्रोलाइटचा (अगदी हलक्या विमानाचा) फिल्टर मी उघडला होता. टाकीतलं जुनं सीलंट सुटून जाळीवर सायीसारखं चिकटलं होतं. मालक तोवर "इंजिन जरा दमतंय" एवढंच म्हणत होता.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेच्या हवाई नियामक एफएएने २००६मध्ये सीई-०७-०६ या क्रमांकाचं बुलेटिन काढलं. वाफेने नळी अडणं, रबराचा नाश, गंज, उंचीवर पाणी वेगळं होणं, हे सगळं त्यात आहे. घरी करता येण्याजोगी चाचणीही आहे: खुणा असलेल्या नळीत थोडं पाणी घ्या, वर पेट्रोल ओता, हलवा, स्थिर होऊ द्या. खालच्या पाण्याची पातळी वाढली तर अल्कोहोल आहे. भाच्याला म्हटलं, ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा हे करून दाखव.

१९८२ची गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य करावीच लागेल. तिथे सेस्ना १५०साठी मोटारीच्या पेट्रोलची मंजुरी मिळाली आणि ते ॲव्हगॅसमध्ये कितीही मिसळा अशी मुभाही आहे. पण ती कमी कॉम्प्रेशनची, ८० ऑक्टेनसाठी बनवलेली इंजिनं. आणि अट अशी की पेट्रोलमध्ये इथेनॉल नको. आपल्या नेहमीच्या पंपावर ई-२० मिळतं. मेसेजवाल्याने ही अट गाळली.

रोटॅक्स ९१२ला शिसं मानवत नाही, हेही खरं. ॲव्हगॅसवर चालवलं तर त्याचं ऑइल लवकर बदलावं लागतं. त्याची इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे, पण ती इंजिनाची. टाकी, नळ्या, सील विमान बनवणाऱ्याचे; त्याची परवानगी वेगळी लागते. आणि कॅनने ओतून नेमके १० टक्के साधत नाहीत.

सेस्नाच्या हँडबुकातलं अल्कोहोल म्हणजे आयसोप्रोपिल, तेही १ टक्क्याच्या आत, थंडीत इंधनातलं पाणी गोठू नये म्हणून. त्याचा इथेनॉलशी संबंध नाही.

शिसं विषारी आहे, त्यावर वाद नाही. त्यासाठीच २०२२मध्ये एफएएने शिसं नसलेल्या १०० ऑक्टेनच्या इंधनाला मंजुरी दिली. ते विमानासाठी बनवलेलं इंधन आहे, पंपावरचं नाही.

टाकीच्या झाकणाशेजारी कुठलं इंधन भरायचं ते लिहिलेलं असतं. भाच्याला सांगितलंय, त्यात नसलेलं काही भरताना दिसलं तर त्या विमानात बसायचं नाही, आणि चीफ इंजिनिअरला लेखी विचारायचं. उत्तर मिळालं नाही तर पुढचं पत्र आपल्या हवाई नियामक डीजीसीएला, मसुदा मी लिहून देतो.