एक परवाना, पन्नास राज्ये? मुळीच नाही

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. आशय असा: १९८६च्या केंद्रीय कायद्यामुळे एका राज्याचा पिस्तुलाचा परवाना पन्नासही राज्यांत चालतो, तंबू म्हणजे कायद्याने घरच, नॅशनल पार्कांत २०१० पासून पूर्ण मोकळीक आहे; तेव्हा कॅम्पिंगला बिनधास्त पिस्तूल घेऊन जा.

१९८६चा कायदा खरा आहे, पण तो फक्त वाहून नेण्यापुरता. निघालात ते ठिकाण आणि पोहोचणार ते ठिकाण, दोन्हीकडे ते शस्त्र जवळ बाळगायची तुम्हाला कायदेशीर मुभा असेल, तर मधल्या राज्यातून जाता येते. तेही बंदूक रिकामी ठेवून, आणि बंदूक व काडतुसे गाडीत बसल्या जागेवरून हाताला लागणार नाहीत अशी ठेवून. म्हणजे डिकीत. आरव्हीला, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीला, वेगळी डिकी नसते, तिथे कुलूपबंद पेटी लागते. ग्लोव्ह बॉक्सला कुलूप असले तरी तो चालत नाही.

आणि वाटेत मुक्काम पडला तर? २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला विमानाने निघालेल्या एकाचा न्यू जर्सीतल्या नूअर्कला पुढचा प्रवास चुकला. सामान ताब्यात घेऊन तो रात्रभर हॉटेलात राहिला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने पिस्तूल असल्याचे स्वतःहून सांगितले, आणि त्याला अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्याने भरपाईसाठी केलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या विरोधात निकाल दिला: रात्रभर शस्त्र हाताशी होते, म्हणून केंद्रीय संरक्षण नाही.

परवान्याचे म्हणाल तर न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाहीत. फिलाडेल्फियाच्या एका महिलेला २०१३ मध्ये न्यू जर्सीत याच समजुतीपायी अटक झाली. शेवटी २०१५ मध्ये तिथले तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. सर्व राज्यांत परवाना चालावा असे विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, सिनेटमध्ये अडकले. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा अर्धीच बातमी वाचली.

तंबूच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. तंबूची वॉरंटशिवाय झडती घेण्याविरुद्ध १९९३ मध्ये एका अपील न्यायालयाने निकाल दिला, पण तो झडतीपुरता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मात्र तात्पुरत्या मुक्कामाच्या जागेला, अगदी कॅम्पसाइटलाही, सवलत आहे. ती त्या राज्यापुरती.

नॅशनल पार्कांत २०१० पासून त्या-त्या राज्याचा कायदा लागू होतो. यलोस्टोन तीन राज्यांत पसरलेले आहे, हे लक्षात असू द्या. पार्कातल्या सरकारी इमारतींत, अगदी व्हिजिटर सेंटरमध्येही, शस्त्र नेता येत नाही. अस्वलांची भीती असेल तर यलोस्टोनमध्ये अस्वलाला पिटाळण्याचा तिखट स्प्रे जवळ ठेवायला सांगतात. योसेमिटीत मात्र त्या स्प्रेलाही बंदी!

पण मेसेजात नसलेलीच गोष्ट आपल्या लोकांसाठी सर्वांत धोक्याची आहे. एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचे कुटुंबीय), एफ-१ (विद्यार्थी) अशा व्हिसांवर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे, मग राज्य कोणतेही असो. मित्राची बंदूक ट्रिपभर आपल्या गाडीत ठेवली, तरी प्रश्न येऊ शकतो. अपवाद मोजके आणि काहीसे चमत्कारिक आहेत: उदाहरणार्थ, एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. व्हिसावाल्यांना मात्र दोषी ठरल्यास १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हद्दपारीला तेवढे कारण पुरते.