पट्टी सोडायची सकाळ

मदुराईच्या अरविंद या डोळ्यांच्या हॉस्पिटलवरचा लेख आवडला. डॉ. व्यंकटस्वामींनी रिटायर झाल्यावर १९७६ ला ११ खाटांवर ते सुरू केलं, आणि संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना हजारो ऑपरेशनं केली, हे वाचून अंगावर काटाच आला. पण गावाकडच्या मुली, ज्यांना तिथेच शिकवून तयार करतात, त्यांच्याबद्दल अजून लिहायला हवं होतं. नजर तपासणं, थेंब घालणं, पेशंटला टेबलावर घेणं सगळं त्याच करतात, म्हणून तर सर्जन एक ऑपरेशन झालं की लगेच शेजारच्या टेबलाकडे वळू शकतो. आणि १९९२ ला ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची भिंगं इथेच बनवायला लागले म्हणून ती गरिबाला परवडली, नाहीतर बाहेरून येणारं भिंग कोणाला झेपणार होतं.

आमच्या आजीचा मोतीबिंदू तालुक्याच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात काढला, फुकट. कॅम्पला गेली तर शुगर वाढलेली म्हणून परत पाठवली, दुसऱ्यांदा मात्र गाडीतून नेलं. मी सोबत होतो, रात्री वऱ्हांड्यात सतरंजीवर झोपलो, आजूबाजूला सगळ्या म्हाताऱ्या एका डोळ्याला पट्टी लावून एकमेकींना सुनांच्या गोष्टी सांगतायत. सकाळी सिस्टरने पट्टी सोडली, बोटं किती विचारलं तर आजी बोटं सोडून माझ्याकडेच बघत बसली आणि म्हणाली किती वाळलायस रे, जेवतोस का नाही. सिस्टरच्या पण डोळ्यात पाणी आलं. ती सिस्टर शेजारच्याच गावची होती.