'तरुण रक्त विकणारा क्लब बुडतोच': दाजींच्या फॉरवर्डला उत्तर

बेसबॉलची ट्रेड डेडलाइन, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख, जवळ आली की इथल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मथळा 'तरुण रक्त विकणारा क्लब बुडतोच', खाली सहा मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे लाल बाण, आणि लिहिणाऱ्याच्या नावाचा पत्ता नाही. आमच्या दाजींनी तो आधी फॅमिली ग्रुपवर टाकला, मग मंडळाच्या ग्रुपवर, आणि एवढ्यावर न थांबता भाच्याला वेगळा पाठवला. भाचा चौदा वर्षांचा, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) खेळतो. जेवताना मला म्हणाला, "मामा, ज्याला ट्रेड करतात ना, त्याला टीमने फेकलेलं असतं." एरवी दाजींचे फॉरवर्ड मी उघडतही नाही, आणि हे दाजींना ठाऊक आहे. पण आता लिहिणं भाग आहे.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीग ही सर्वांत वरची पायरी, तिथे तीस क्लब. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे संघ, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. तिथे घडणाऱ्या, पुढे नाव काढतील अशी आशा असलेल्या पोरांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला डेडलाइन असते. त्याआधी जिंकायच्या बेतात असलेले क्लब अशी दोन-चार पोरं देऊन तयार खेळाडू आणतात, आणि हरणारे क्लब तयार खेळाडू देऊन पोरं घेतात.

आता मेसेज. पहिला बाण: "बॅगवेल, स्मोल्ट्झ, टाटीस. तीन नावं पुरेत!"

पुरेत कशी? तिन्ही गोष्टींचा अर्धाच भाग सांगितलाय. डेट्रॉइटने ऑगस्ट १९८७ मध्ये जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला आणि डॉइल अलेक्झांडर हा अनुभवी पिचर (चेंडू टाकणारा) आणला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात गेला, हे खरं. पण ज्या दिवशी सौदा झाला त्या दिवशीचा स्मोल्ट्झ कोण होता? १९८५ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) बाविसाव्या फेरीत उचललेला वीस वर्षांचा पोरगा. डबल-एमध्ये ४ विजय, १० पराभव, ईआरए ५.६८, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे, एका पूर्ण सामन्यामागे, साडेपाचाहून जास्त धावा. १३० इनिंग्जमध्ये ८६ जणांना चेंडू बाहेर टाकून फुकट बेसवर पाठवलं होतं. आणि अलेक्झांडरने काय केलं? ११ सामन्यांत ९ विजय, एकही पराभव नाही, ईआरए १.५३. डेट्रॉइटने टोरांटोला शेवटच्या आठवड्यात गाठून दोन विजयांच्या फरकाने विभाग जिंकला. अलेक्झांडर नसता तर तो विभाग टोरांटोचा होता, याबद्दल वाद घालायचाच असेल तर खुशाल घाला. पुढच्या फेरीत मिनेसोटाने त्यांना हरवलं, पण त्याचं खापर स्मोल्ट्झच्या सौद्यावर कसं फोडणार?

बॅगवेलच्या बाबतीत मी निमूट मान्य करतो, बॉस्टनने घाण केली. ऑगस्ट १९९० च्या अखेरीस लॅरी अँडरसन या रिलीव्हरसाठी (सामन्याच्या मध्येच येणारा बदली पिचर) जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. अँडरसनने बॉस्टनसाठी २२ इनिंग्ज टाकल्या, छान टाकल्या, आणि हंगाम संपल्यावर निघून गेला. बॅगवेलने १९९१ मध्ये रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित), १९९४ मध्ये एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), कारकिर्दीत ४४९ होमरन. पण इथेही मेसेज एक गोष्ट गिळून टाकतो. बॅगवेल तेव्हा थर्ड बेसवर खेळायचा आणि बॉस्टनच्या थर्ड बेसवर वेड बॉग्ज होता. फर्स्ट बेससाठी मो व्हॉन तयार होत होता, जो १९९५ मध्ये स्वतःच एमव्हीपी झाला. त्या वर्षी डबल-एमध्ये बॅगवेलचे होमरन होते चार. चूक पोरगा देण्यात नव्हती, रांगेतला नेमका कुठला द्यायचा हे ओळखण्यात होती. मेसेज म्हणतो, कुणालाच देऊ नका. हा वेगळाच दावा झाला.

टाटीसची गोष्ट तर मेसेजच्याच मुळावर येते. शिकागो व्हाइट सॉक्सने जून २०१६ मध्ये जेम्स शील्ड्ससाठी सॅन डिएगोला एरिक जॉन्सन आणि फर्नांडो टाटीस ज्युनियर दिले. टाटीस तेव्हा १७ वर्षांचा, सात लाख डॉलरला करारबद्ध केलेला, आणि एकही व्यावसायिक सामना न खेळलेला. बातम्यांत आधी नाव यायचं ते जॉन्सनचं. मेसेजमधला दुसरा बाण म्हणतो, "टॉप १०० यादीतला एकही देऊ नका." म्हणजे शंभर उत्तम प्रॉस्पेक्टची जी यादी निघते, त्यातला. बरोबर, शिकागोने तो नियम पाळलाच की! यादीतलं कुणी दिलं नाही, आणि टाटीस गेला. दाजी, आपलेच दोन मुद्दे एकमेकांच्या झिंज्या उपटतायत, हे आपल्या लक्षात आलं का?

या यादीबद्दल एकच संदर्भ देतो, कारण तो पुरेसा जड आहे. २०११ मध्ये रॉयल्स रिव्ह्यू या साइटवर स्कॉट मकिनी याने 'बेसबॉल अमेरिका' या मासिकाच्या १९९० ते २००३ या वर्षांच्या टॉप १०० याद्या काढल्या आणि त्यातली पोरं पुढे मेजर लीगमध्ये काय करून बसली ते मोजलं. सुमारे ७० टक्के अपयशी. पहिल्या विसांतले बॅटर घेतले तर साधारण ६० टक्के यशस्वी, पहिल्या विसांतले पिचर घेतले तर ४० टक्के. म्हणजे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वीस पोरांतही पिचर असेल तर तो न चालण्याचीच शक्यता जास्त. खांदा जातो, कोपर जातं, डबल-एमधल्या बॅटरना चकवणारा चेंडू वर गेल्यावर कुणाला चकवत नाही. म्हणून क्लब पिचर सोडायला लवकर तयार होतात आणि शॉर्टस्टॉपला चिकटून बसतात. हा हिशोब मेसेज लिहिणाऱ्याने कधी केलेला दिसत नाही. त्याच्या यादीत सगळेच टाटीस.

यादी कशी फसते ते बघायचं तर २००८ चा सबाथियाचा सौदा बघा. मिलवॉकीने सी. सी. सबाथियासाठी क्लीव्हलँडला मॅट लापोर्टा दिला. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर घेतलेला, यादीत वर असलेला, सगळ्या मथळ्यांत तोच. सोबत आणखी दोघं, आणि एक 'नाव नंतर ठरवू' असा खेळाडू. लापोर्टा २०१२ नंतर मेजर लीगमध्ये दिसला नाही. नंतर ठरवलेलं नाव होतं मायकेल ब्रँटली. तो पाच वेळा ऑल-स्टार झाला.

आता तिसरा बाण, ज्यावर माझं खरं डोकं फिरलं: "प्रॉस्पेक्ट सांभाळायला काय जातं? सगळे ठेवा!"

सगळे ठेवा म्हणे. ठेवणार कुठे? क्लबच्या मुख्य यादीत, ज्याला इथे फॉर्टी-मॅन रोस्टर म्हणतात, जागा ४०. त्यातले २६ रोजचे खेळणारे. १८ किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्या पोराला पाच हंगाम मिळतात, त्याहून मोठा असेल तर चार. तेवढ्यात त्याला चाळिसांत घेतलं नाही तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये तो उघडा पडतो. दुसरा कुठलाही क्लब एक लाख डॉलर टाकून त्याला घेऊन जातो. अट एवढीच की पुढचा अख्खा हंगाम त्याला मेजर लीगमध्येच ठेवायचं, नाहीतर मूळ क्लबला पन्नास हजारांत परत देऊ करायचं.

आता नोव्हेंबर महिना डोळ्यांसमोर आणा. हंगामात ज्यांना दीर्घ दुखापतीच्या यादीत टाकलं होतं आणि म्हणून चाळिसांत मोजलं नव्हतं, ते वर्ल्ड सिरीजनंतर परत मोजले जातात. म्हणजे जिथे चार जागा रिकाम्या वाटत होत्या तिथे एकही उरत नाही. वर रूल फाइव्हसाठी सात-आठ पोरं दारात उभी. डॉमिनिकन रिपब्लिकमधून सोळाव्या वर्षी घेतलेला पोरगा असेल तर तो आत्ता कुठे एकवीस वर्षांचा, सिंगल-एमधून वर सरकणारा, आणि त्याच्याबद्दल निर्णय आजच घ्यायचा. घेतला आत, तर त्याचं घड्याळ सुरू. चाळिसांत आल्यावर फक्त तीन हंगाम त्याला खाली पाठवता येतं, पुढे पाठवायचं तर आधी इतर सगळ्या क्लबांना त्याला उचलायची संधी द्यावी लागते. नाही घेतला, तर डिसेंबरमध्ये गेला.

ह्यूस्टनने १९९९ मध्ये एक डावखुरा पिचर असाच उघडा ठेवला. तो त्याच ड्राफ्टमधून मिनेसोटाकडे पोचला. नाव योहान सँताना, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार २००४ आणि २००६. त्याआधी १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी एका पोराला माँट्रियलच्या मायनर लीग संघात ठेवलं होतं, तो पिट्सबर्गने याच रीतीने उचलला. रॉबर्टो क्लेमेंटे, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. या दोघांसाठी मूळ क्लबला ट्रेडमध्ये काही मिळालं असतं. मिळाली ती ड्राफ्टची किरकोळ रक्कम.

म्हणून ज्या पोराला नोव्हेंबरमध्ये जागा देता येणार नाही हे जुलैमध्येच कळतं, त्याला जुलैमध्येच देऊन बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेणं याला रक्त विकणं म्हणत नाहीत. याला कामकाज म्हणतात. आणि शिवाय मायनर लीगमध्येही हवे तितके ठेवता येत नाहीत. २०२१ पासून तीस क्लबांचे मिळून संलग्न संघ १२० च, आणि २०२४ पासून अमेरिकेतल्या मायनर खेळाडूंची मर्यादा क्लबामागे १६५.

चौथा बाण भाच्याला लागला तो: "ट्रेड झालेला म्हणजे टाकलेला." घरात चौदा वर्षांचा खेळाडू असताना हे वाक्य बिनदिक्कत पुढे पाठवावं, याचं मला दाजींबद्दल नवल वाटतं. सौद्यात पोराचं नाव घेतं कोण? बहुतेक वेळा पलीकडचा क्लब. टाटीस सॅन डिएगोने मागून घेतला, शिकागोने गळ्यात मारला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये डॉजर्सनी रिलीव्हर जॉश फील्ड्ससाठी ह्यूस्टनला योर्दान आल्वारेझ दिला. क्यूबाचा १९ वर्षांचा पोरगा, डॉजर्सनी नुकताच वीस लाख डॉलरला घेतलेला, त्यांच्यासाठी एक सामनाही न खेळलेला. २०१९ चा रूकी ऑफ द इयर तोच, आणि २०२२ ची वर्ल्ड सिरीज ह्यूस्टनने जिंकली तेव्हा निर्णायक सहाव्या सामन्यातला तो प्रचंड होमरन त्याचाच. त्याला फेकला होता का? एका क्लबला तो हवा होता. भाच्याला मी एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "मग डॉजर्स येडे होते?" नाही रे. त्यांनी ही घोडचूक केली, आणि तरी २०२०, २०२४ आणि २०२५ मध्ये जिंकले. बुडाले कुठे?

पाचवा बाण आयपीएलचा: "आपल्याकडे बघा, कसे रिटेन करतात!" दाजी, २०२५ च्या मेगा ऑक्शनआधी जास्तीत जास्त सहा जणांना ठेवायची मुभा होती, बाकी सगळे लिलावात. इथे मेजर लीगमध्ये आल्यापासून पोरगा सहा हंगामांएवढी सेवा भरेपर्यंत क्लबच्याच हातात असतो, पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास. तुलना उलटीच पडते. पुढे चला.

सहावा: "दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी घरचं सोनं देऊ नका." यात अर्धं खरं आहे आणि ते नाइलाजाने कबूल करतो. हरणाऱ्या किंवा अधांतरी लटकलेल्या क्लबने घाबरून सौदा केला की वाट लागते. शील्ड्स दोन महिन्यांचा पाहुणा नव्हता, पण शिकागोचा तो सौदा असाच. त्याने त्या वर्षी तिथे ४ विजय, १२ पराभव, ईआरए ६.७७ असं दिवाळं काढलं आणि संघ ७८ विजय, ८४ पराभवांवर संपला. पण जिंकायच्या दारात असलेल्यांचं काय? सबाथियाने मिलवॉकीला १७ सामन्यांत ११ विजय, २ पराभव, ईआरए १.६५ असं देऊन १९८२ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये नेलं. शिकागो कब्जनी २०१६ मध्ये न्यूयॉर्क यँकीजला ग्लेबर टोरेस देऊन अरॉल्डिस चॅपमन आणला आणि १९०८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. (सातव्या सामन्यात त्याच चॅपमनने क्लीव्हलँडच्या राजाई डेव्हिसचा होमरन खाऊन सगळ्यांचा जीव टांगणीला लावला, ते वेगळं.) टोरेस न्यूयॉर्कमध्ये दोनदा ऑल-स्टार झाला. कब्जच्या कुठल्याही चाहत्याला विचारा, सौदा परत फिरवशील का म्हणून.

आणि सांभाळून ठेवणाऱ्यांचं? बाल्टिमोरने २०२३ मध्ये १०१ सामने जिंकले, खाली पोरांची रीघ लागलेली, तरी डेडलाइनला वरच्या फळीतलं कुणी सोडलं नाही. टेक्सासने पोरं देऊन मॅक्स शर्झर आणि जॉर्डन माँटगोमेरी आणले. दोन्ही क्लबांची गाठ प्लेऑफमध्ये पडली. टेक्सास ३-०, आणि पुढे क्लबच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद. बाल्टिमोर २०२५ मध्ये ७५-८७ करून विभागात तळाला गेलं.

त्याच बाल्टिमोरने जुलै २०२४ मध्ये काइल स्टोअर्स आणि कॉनर नॉर्बी मायामीला देऊन ट्रेव्हर रॉजर्स हा पिचर घेतला. रॉजर्स त्या वर्षी इतका वाईट खेळला की त्याला ट्रिपल-एमध्ये पाठवलं, आणि बाल्टिमोरला वेड्यात काढणाऱ्यांना जोर चढला. पुढच्या वर्षी स्टोअर्स ऑल-स्टार झाला. त्याच वर्षी रॉजर्सने १८ सामन्यांत ईआरए १.८१ ठेवला. दाजी, या सौद्यात नेमकं कोण बुडालं, तेवढं फॅमिली ग्रुपवर लिहा. लाल बाण नकोत.